हजची वाट आणि बहात्तर तासांचे घड्याळ

दोन वर्षांनंतर २०२२ चा रमजान मोकळ्या मशिदींत आला. गुढीपाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले आणि दुसऱ्याच दिवशी पहिला रोजा होता. तरावीहच्या नमाजला पुन्हा खांद्याला खांदा लागला. इफ्तारच्या दस्तरखानावर शेजारपाजारचे हिंदू मित्रही पुन्हा येऊन बसू लागले. त्यातच ९ एप्रिलला सौदी अरेबियाने जाहीर केले की, त्या वर्षी परदेशी भाविकांनाही हज यात्रा करता येईल. २०२० मध्ये सौदीतच राहणाऱ्या मोजक्या लोकांना आणि २०२१ मध्ये तेथल्याच ६० हजार रहिवाशांना ही संधी मिळाली होती. २०२२ मध्ये एकूण १० लाख भाविकांना परवानगी होती आणि भारताच्या वाट्याला ७९,२३७ जागा आल्या होत्या. २०१९ मध्ये हा आकडा दोन लाख होता.

आनंदाच्या या बातमीला तीन अटी जोडलेल्या होत्या. वय ६५ वर्षांपेक्षा कमी हवे होते, मान्यताप्राप्त लसीचे डोस पूर्ण हवे होते आणि निघण्यापूर्वी ७२ तासांच्या आत केलेल्या आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल निगेटिव्ह हवा होता. कागदावर तीन ओळींत मावणाऱ्या या अटी तुमसरसारख्या गावातल्या घरात शिरल्या की त्यांचा पसारा वाढत असे.

पूर्वी आपल्या भागातले हाजी नागपूरहून विमानात बसत. २०२२ मध्ये देशातील हजच्या विमानतळांची संख्या २१ वरून १० केली गेली आणि त्यात नागपूर राहिले नाही. म्हणजे त्या वर्षी मुंबई गाठणे आले. तुमसर रोडहून रेल्वेने निघाले तरी एक रात्र प्रवासात जाते. विमानाच्या आधी मुंबईत हजर होऊन कागदपत्रे घ्यायची असतात. ७२ तास मोजले जात ते चाचणीसाठी नमुना दिला त्या वेळेपासून. अहवाल हातात पडला त्या वेळेपासून नव्हे. भंडारा किंवा नागपुरात नमुना देऊन, अहवालाची वाट पाहून मग गाडी धरणाऱ्याचे निम्मे घड्याळ वाटेतच संपणार होते. गाडीला किंवा विमानाला उशीर झाला, तर हातातला अहवाल रद्दी ठरणार होता. शिवाय अहवालावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळणे आवश्यक होते. लसीच्या प्रमाणपत्राचेही तसेच. आधारवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे, असे आपल्याकडे घरोघरी असते. कोविन पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय होती. ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालणार नव्हते.

हा त्रास केवळ हाजींचा नव्हता. आखातात नोकरीला जाणारे, परदेशात शिकायला निघालेली मुले, परदेशातील लेकीकडे निघालेले आईवडील या सगळ्यांनी दोन वर्षे हेच भोगले. कोणत्या देशाला कोणती लस चालते, अहवाल किती तासांचा हवा, उतरल्यावर विलगीकरण आहे का, हे नियम महिन्याला बदलत होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर सुमारे दोन हजार लोक होते. गोव्यात जहाजावर चाचण्या झाल्या तेव्हा ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. चाचणी का हवी, हे त्या एका जहाजाने सांगितले.

हज आणि साथ यांचे नाते तसे जुने आहे. मुंबईहून हाजी बोटीने जात, त्या काळात तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर १८८२ पासून विलगीकरणाचे ठाणे होते. जेद्दाला पोहोचण्याआधी अनेक बोटी तेथे थांबवल्या जात, भाविकांना कित्येक दिवस बेटावर काढावे लागत आणि त्याचा खर्चही त्यांच्याच माथी पडे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी सरकारने मुंबईहून हजला जाणे बंद केले. त्याच १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनाविरुद्ध लागू केला तो हाच कायदा.

धर्माचे या बाबतीत काय म्हणणे आहे? साथीच्या मुलखात बाहेरच्याने जाऊ नये आणि तेथे असलेल्याने बाहेर पडू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे. खलिफा उमर सीरियाच्या वाटेवर असताना तेथे प्लेग पसरल्याचे कळले, तेव्हा सल्लामसलत करून ते अर्ध्या वाटेवरून परतले. हज फर्ज आहे, पण ज्याला ऐपत आणि शक्ती आहे त्याच्यावरच. वाट सुरक्षित असणे हाही त्या शक्तीचा भाग मानला जातो. त्यामुळे चाचणी देणे किंवा लस घेणे यात श्रद्धेला कमीपणा येत नाही. लसीने रोजा तुटत नाही, हे अनेक उलेमांनी २०२१ मध्येच सांगितले होते.

नियम योग्य होता. तो पाळण्याचे ओझे मात्र एकट्या यात्रेकरूवर टाकायला नको होते. मुंबईच्या हज हाऊसमध्येच सर्व हाजींची चाचणी वेळेत होईल, अशी व्यवस्था हज समितीने करायला हवी होती आणि त्याची सूचना मराठी व उर्दूत, साध्या भाषेत, वेळीच द्यायला हवी होती. नागपूरचे केंद्र त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा सुरू करण्यासाठी विदर्भाच्या लोकप्रतिनिधींनी आवाज उठवायला हवा होता. ज्यांना वयामुळे २०२२ मध्ये थांबावे लागले, त्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. आयुष्यभर पै-पै जोडून २०२० मध्ये निघायच्या तयारीत असलेला माणूस २०२२ मध्ये पासष्टी ओलांडून बसला होता. वयाची अट उठल्यावर पहिला मान त्याचा असणे योग्य होते.

गावाचेही एक काम होते. हाजी निघाला की सारे गाव निरोपाला लोटते. घरोघरी दावती होतात, तो दारोदार जाऊन माफी मागतो, स्टेशनवर हार पडतात, गळाभेटी होतात. त्यात मुस्लिमांइतकेच हिंदू शेजारीही असतात. ही रीत सुंदर आहे, पण २०२२ मध्ये हीच गर्दी त्याचा अहवाल पॉझिटिव्ह करू शकत होती. संसर्ग झाला, तर बरे वाटू लागल्यावरही काही वेळा कित्येक दिवस चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणून त्या वर्षी निघण्याआधीचे पंधरा दिवस हाजीला दावतीला न बोलावणेच योग्य होते. माफी फोनवर मागता येते आणि देताही येते. हार परतल्यावरही घालता येतात.

२०२२ मध्ये आषाढी एकादशी १० जुलैला होती आणि बकरी ईदही त्याच सुमारास आली. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरूनच विठ्ठलाला हात जोडले. त्याच महिन्याच्या अखेरीस हाजींनीही घरीच दुआ मागितली. वाट बंद होण्याचे दुःख या गावाने दोन्ही अंगणांत पाहिले आहे. २०२२ मध्ये वाट पुन्हा उघडली, तेव्हा जाणाऱ्याला सुखरूप वाटेला लावणे हे दोन्ही अंगणांचे काम होते.