सोडावे, पण रुसून नव्हे

व्यापारी घरात हे दृश्य नवे नाही. मुलगा उमेदीने नवा माल भरतो, हंगाम हुकतो, उधारी अडकते आणि दिवाळीपूर्वीच तो म्हणतो, “हा धंदा आपला नव्हेच.” वडील त्याला आळशी ठरवतात. वास्तविक त्याला तोट्यापेक्षा अधिक बोचते ते चारचौघांत आपला अंदाज चुकल्याचे. दुकान सोडले की दोष दुकानाचा ठरतो आणि आपली अक्कल शाबूत राहते. मान कषाय असा विरक्तीचे वस्त्र पांघरून येतो.

सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांच्या चरित्रात सोडणे आणि टिकणे दोन्ही आढळतात. घरच्या पेढीत मन रमेना, तेव्हा त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. जुने सोडले ते नवे काम हाती धरून.

पुढे १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिलला तिची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून तिची कोंडी केली. १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली. त्याच वर्षी झालेल्या दहा वर्षांच्या कराराने सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते बांधून घेतले. रुसून बाजूला होण्यास याहून मोठे कारण कोणते हवे होते? परंतु कंपनी विकली गेली नाही. मिळाला तेवढा किनारा धरून ती तगली. १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे तिच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया घातला गेला आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

याचा अर्थ प्रत्येक धंदा शेवटपर्यंत ओढावा असा नव्हे. केवळ लोकलाजेस्तव तोट्याचे दुकान वर्षानुवर्षे चालू ठेवणे, हेही मानाचेच दुसरे रूप. म्हणून निराश मुलाला बोल लावण्याऐवजी वडिलांनी त्याच्याशेजारी वही उघडून बसावे. बाजाराने किती बुडवले, अंदाज कोठे चुकला, उधारी कोणाला दिली, हे दोघांनी शांतपणे पाहावे. त्यानंतरही सोडणेच योग्य दिसले, तर संकोच न बाळगता सोडावे. मात्र तो निर्णय रागाच्या संध्याकाळी होऊ नये. हिशोब पुरा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी व्हावा.