शहाची नक्कल होत नाही

गेल्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळ स्पर्धेत मी एक डाव हरलो. तो हरण्याजोगा नव्हता, असे मित्र म्हणतात. मला मात्र तो हरणे आवश्यकच होते असे आता वाटते.

पांढऱ्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. पटाच्या मध्यावर न धावता बगलेने शिरण्याची ही रीत. इंग्लंडच्या हॉवर्ड स्टॉन्टनने १८४३ साली पॅरिसच्या सामन्यात ती खेळली, म्हणून तिला इंग्लिश ओपनिंग म्हणतात. मीही तेच प्यादे तितकेच पुढे नेले. त्याने घोडा काढला, मीही काढला. त्याने कॅसलिंग केले, मीही केले. सहा खेळ्यांनंतर पट आरशासारखा दिसू लागला आणि आपण बरोबरीत आहोत या समजुतीत मी खूष होतो.

सातव्या खेळीला त्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलले. मीही ढकलले. मग मारामारी सुरू झाली. प्रत्येक घाव आधी त्याचा, मागाहून माझा. शेवटी त्याने शह दिला. शहाची नक्कल करता येत नाही, आधी राजा वाचवावा लागतो. तिथेच माझा डाव आटोपला.

मित्रहो, सुरुवातीची नक्कल हा दोष नव्हे. मोठमोठे खेळाडूही ती करतात. पण आरसा कुठे फोडायचा हे त्यांना ठाऊक असते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे पहिले तिन्ही डाव बरोबरीत सुटले. चौथा, निर्णायक डाव तिने काळी मोहरी घेऊन जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पहिली खेळी दुसऱ्याची असली तरी डाव आपला होऊ शकतो, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी मात्र गाईडातली उत्तरे उतरवतो आणि उत्तीर्णही होतो. पण मुलाखतीत कोणी विचारले, ‘यावर तुमचे स्वतःचे मत काय?’ की तो शहच! प्राध्यापक महाशयांनी रागावू नये. पण पाठ उत्तरांना भरघोस गुण देणारेही आमच्यापुढे आरसाच धरतात.

पुढच्या स्पर्धेतही कदाचित मी हरेन. पण या वेळी स्वतःच्या खेळीने हरेन.