दंड कोणाला?

आमच्या बडोद्यात चार जुनी मराठी माणसे एकत्र बसली आणि सयाजीराव महाराजांचा विषय निघाला नाही, असे सहसा घडत नाही. त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही हकीकत तर घरोघर सांगितली जाते. १८९३ साली अमरेली भागात प्रयोग झाला आणि १९०६ साली सक्ती सर्व राज्यात लागू झाली. मात्र त्या सक्तीतली एक गोष्ट आपण सांगायची विसरतो. मूल शाळेत आले नाही तर दंड मुलाला होत नसे, तो पालकाला भरावा लागे. मूल अजाण, तेव्हा जबाबदारी जाणत्याची, इतका तो हिशेब सरळ होता.

हा हिशेब आज आपण उलटा केला आहे, असे माझे मत झाले आहे. कारण घरातलेच आहे.

माझी नात तिसरीत शिकते. आईच्या फोनवर ती एक खेळ खेळत असे. त्या खेळात खेळणाऱ्यांना एकमेकांना निरोप पाठवता येतात, याची आम्हा कोणालाच कल्पना नव्हती. तिथे कोणी एक ‘दादा’ तिच्याशी गोड बोलू लागला. आधी नाव, मग शाळा, मग गणवेशातला फोटो, आणि शेवटी ‘आईला सांगू नकोस’ अशी ताकीद. पोरीने फोटो दिला नाही, पण चार दिवस ती कोणाजवळ बोललीही नाही. तिचे जेवणावरचे लक्ष उडाले, तेव्हा आजीने जवळ घेऊन विचारले आणि सारे बाहेर पडले. “अगं, आधी का नाही सांगितलंस?” या प्रश्नाला उत्तर आले, “सांगितलं असतं तर आबांनी फोन काढून घेतला असता.”

ती खोटे बोलत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी तिच्या हातून चुकीचे बटण दाबले जाऊन काही पैसे गेले होते. त्या वेळी मी घर डोक्यावर घेतले आणि महिनाभर फोन बंद केला. खरे सांगणाऱ्याला शिक्षा होते, हा धडा तिने माझ्याकडूनच घेतला होता. त्या परक्या माणसाला तिच्या गप्प राहण्याचा आधार हवा होता, आणि तो मीच तयार करून ठेवला होता.

कुलपे नकोत असे मी म्हणत नाही. वाड्याच्या दिंडीला कडी हवीच. खेळातले निरोप बंद करावेत, पैसे भरण्याला वेगळा परवलीचा शब्द ठेवावा, फोन सर्वांच्या डोळ्यांसमोर बैठकीत वापरावा आणि रात्री मुलांच्या खोलीत जाऊ देऊ नये. बहुतेक समाजमाध्यमांनी स्वतःच तेरा वर्षांची अट घातली आहे, मग आठ वर्षांच्या मुलासाठी खोटी जन्मतारीख भरून खाते उघडणारे आपण कोण? पण कडी आपल्या घरापुरती. शेजारच्या घरी, मावसभावाच्या हातात, शिकवणीच्या ओट्यावर दुसरा फोन असतोच. तिथे मुलाचे रक्षण करणारी गोष्ट एकच: काही वावगे दिसले तर घरी जाऊन सांगता येईल, ही त्याची खात्री.

‘फोनच देऊ नका’ असे आमचे काही स्नेही म्हणतात. परंतु २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा तो आपणच मुलांच्या हाती दिला. सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी त्या वर्षी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास पुरेत, असे सांगितले होते. किती घरांनी आणि शाळांनी ते मनावर घेतले? आजही गृहपाठ फोनवरूनच येतो.

शाळांनाही एक विनंती आहे. बक्षीस समारंभाचे फोटो मुलाचे नाव, इयत्ता आणि शाळेच्या पाटीसह जगजाहीर करण्याची हौस आवरावी. त्या ‘दादा’ला जे विचारावे लागले, ते आपण न विचारता सांगतो. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. पण विचारून फोटो लावण्याला कायद्याची वाट कशाला पाहायची? शिवाय प्रत्येक शाळेत एक बाई किंवा गुरुजी असे असावेत की ज्यांच्याजवळ मुलाने न भिता बोलावे, आणि ते कोण हे पहिलीच्या मुलालाही ठाऊक असावे.

आपल्या जुन्या घराण्यांचा आणखी एक दोष आहे: घरातली गोष्ट घरात राहावी. आमच्याकडेही ‘खेळ काढून टाका, विषय संपला’ असा सूर निघाला. मुलाने मात्र निरोपांची चित्रे जपून ठेवली, त्या माणसाची वाट बंद केली आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे. आपण गप्प बसलो तर तो माणूस दुसऱ्याच्या नातीकडे वळतो. त्यात कसली आली अब्रू?

त्या रात्री मी नातीला वचन दिले की तिने खरे सांगितले तर फोन जाणार नाही आणि आवाज चढणार नाही. “आणि तुम्ही मोडलंत तर?” तिने विचारले. मी म्हटले, दंड मला, आणि तो तूच ठरव. तिने महिनाभर बिनसाखरेचा चहा ठरवला आहे. अजून तरी माझ्या चहात साखर आहे.