हिरवा स्टिकर आणि सार्वजनिक रस्ता

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक सवलत संपुष्टात आली. महामार्गावर एक मार्गिका सामायिक प्रवासासाठी राखून ठेवलेली असते. तिला तेथे ‘कारपूल लेन’ म्हणतात. विजेवर किंवा अंशतः विजेवर चालणाऱ्या मोटारीचा मालक गाडीत एकटाच असला तरी त्याला ह्या मार्गिकेतून जाऊ देणारे स्टिकर राज्य सरकार देत असे. संघीय कायद्याने राज्यांना दिलेली परवानगी ३० सप्टेंबरला संपली, अमेरिकी काँग्रेसने ती वाढवून दिली नाही आणि स्टिकर निरुपयोगी झाले. असे स्टिकर बाळगणाऱ्या मोटारी त्या वेळी पाच लाखांहून अधिक होत्या. त्यांचे मालक नाराज झाले, तर पेट्रोलच्या जुन्या गाड्या चालवीत शेजारच्या रांगेत खोळंबणाऱ्यांपैकी पुष्कळांना समाधान वाटले असल्यास नवल नाही.

दूरच्या देशातील मोटारमालकांच्या ह्या सुखदुःखाशी आपले काय नाते, असे आमचा एखादा कार्यकर्ता विचारील. नाते आहे. सर्वांच्या पैशाने बांधलेला रस्ता कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या अटीवर वापरावयाचा, हा प्रश्न कॅलिफोर्नियाने पन्नास वर्षे हाताळला. त्या पन्नास वर्षांत त्याचे उत्तर तीनदा बदलले. तोच प्रश्न आज महाराष्ट्राच्या दारात उभा आहे.

पहिले उत्तर सरळ होते. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील एल मॉन्टे येथून शहरात येणारी खास बस-मार्गिका १९७३ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या तेलसंकटाने पेट्रोलची चणचण निर्माण केली, आणि रस्ता गाड्या वाहण्यासाठी नसून माणसे वाहण्यासाठी आहे, हा विचार मोटारवेड्या अमेरिकेलाही क्षणभर पटला. १९७६ मध्ये ती मार्गिका एकत्र प्रवास करणाऱ्यांच्या मोटारींनाही खुली झाली. तीन माणसे एका गाडीत बसली म्हणजे दोन गाड्या रस्त्यावर येत नाहीत, हे त्यामागचे गणित होते. मार्गिकेत शिरण्याचा अधिकार सोबतीने मिळत होता. श्रीमंत आणि गरीब ह्यांना तो सारख्याच अटीवर मिळे. शेजाऱ्याशी बोलावयाचे, वेळ ठरवावयाची आणि थोडी गैरसोय सोसावयाची, एवढीच काय ती किंमत होती.

ह्या विचाराला विरोध किती तीव्र होता, हे त्याच वर्षी दिसले. सँटा मोनिका महामार्गावरची एक चालू मार्गिका मार्च १९७६ मध्ये बस आणि किमान तीन माणसांच्या मोटारी ह्यांच्यासाठी राखण्यात आली. बसने जाणारे वाढले, एकत्र जाणारेही वाढले. मात्र उरलेल्या मार्गिकांत कोंडी झाली, अपघात वाढले, वृत्तपत्रांनी झोड उठविली, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने प्रयोग थांबविला. पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास योग्य रीतीने झाला नाही, हे त्यासाठी दिलेले कारण होते! एकट्याने मोटार चालविण्याचा हक्क पर्यावरणाच्या नावाने वाचविला गेला, हा विरोधाभास विसरण्याजोगा नाही. त्यानंतर अस्तित्वात असलेली मार्गिका मोटारींकडून काढून घेण्याचे धैर्य तेथील राज्यकर्त्यांनी सहसा दाखविले नाही. नवी जागा घ्यावयाची, नवा खर्च करावयाचा आणि ती नवी मार्गिका राखावयाची, हाच मार्ग रूढ झाला.

दुसरे उत्तर खरेदीचे होते. स्वच्छ मोटारी घेण्यास लोकांना उद्युक्त करावे म्हणून २००० सालापासून विजेच्या गाड्यांना पांढरे स्टिकर मिळू लागले. २००५ नंतर पेट्रोल व बॅटरी ह्यांवर चालणाऱ्या ८५,००० हायब्रिड गाड्यांना पिवळे स्टिकर दिले गेले. ते २०११ मध्ये रद्द झाले आणि २०१२ पासून हिरव्या स्टिकरचे युग आले. हे स्टिकर प्रामुख्याने प्लग-इन हायब्रिडसाठी होते. ह्या गाडीची बॅटरी घरच्या प्लगला जोडून भरता येते, आणि ती संपली की पेट्रोलचे इंजिन चालू होते. आरंभी ४०,००० ची मर्यादा होती. ती वाढत वाढत ८५,००० वर गेली आणि २०१६ मध्ये काढूनच टाकण्यात आली. पुढे स्टिकरचे रंग बदलत राहिले, तत्त्व तेच राहिले. पिवळा स्टिकर असलेली जुनी गाडी बाजारात अधिक किमतीला विकली जाई. सार्वजनिक रस्त्यावरील हक्क हा खासगी मालाचा भाग होऊन त्याची खरेदीविक्री होऊ लागली होती.

प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत तर आणखी एक गोम होती. २०१२ ची टोयोटा प्रियस प्लग-इन बॅटरीवर जेमतेम ११ मैल जाऊ शकत असे. तिच्या मालकाने ती रोज रात्री प्लगला जोडली काय आणि वर्षभरात एकदाही जोडली नाही काय, स्टिकर तोच आणि मार्गिका तीच. ती विकत घेतली की कर्तव्य संपले! ही शंका काल्पनिक नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रत्यक्ष रस्त्यावरील प्लग-इन हायब्रिडचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. माणसे गाडी पुरेशी प्लगला जोडत नाहीत, हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॉस एंजेलिसची धुराने कोंदलेली हवा ही तेथील कष्टकऱ्यांच्या फुप्फुसांवरची आपत्ती होती आणि महामार्गालगतची घरे बहुधा गरिबांचीच असतात. नवे तंत्र महाग असते. आरंभी ते घेणाऱ्यांना काही आमिष दाखविल्याखेरीज ते रुजत नाही, आणि मोकळ्या मार्गिकेचे आमिष सरकारी तिजोरीला रोख पैशाचा भार देत नाही. हे सर्व मान्य. सँटा क्लारा आणि फ्रीमाँट भागांत राहणाऱ्या आपल्या मराठी अभियंत्यांपैकी कोणी असा स्टिकर लावला असेल, तर त्याला दोष देण्याचेही कारण नाही. कायद्याने देऊ केलेली सोय त्याने घेतली. दोष त्या धोरणाचा आहे, ज्याने तात्पुरत्या आमिषाला वर्षानुवर्षांच्या हक्काचे रूप येऊ दिले. आमिष फुकटचे नव्हतेच. मार्गिका भरली की त्याची किंमत त्याच मार्गिकेतून जाणाऱ्या बसमधील चाळीस माणसे आपल्या वेळाने मोजत होती.

तिसरे उत्तर पैशाचे. डिसेंबर १९९५ मध्ये ऑरेंज काउंटीतील राज्य महामार्ग ९१ च्या मधोमध टोलच्या मार्गिका उघडल्या. गर्दी वाढेल तसा दर वाढावयाचा, अशी योजना होती. त्या बांधणाऱ्या खासगी कंपनीशी सरकारने जो करार केला, त्यातील एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. शेजारच्या विनामूल्य मार्गिकांची क्षमता वाढविण्यास त्या कलमाने सरकारलाच बंदी केली होती. फुकटचा रस्ता तुंबलेला राहिला तरच पैशाचा रस्ता चालणार, हे त्यातील उघडेनागडे व्यापारी सत्य. कोंडी हा कंपनीचा कच्चा माल होता. लोकांचा क्षोभ झाला, वाद न्यायालयात गेला, आणि अखेर काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने २००३ च्या आरंभी २० कोटी ७५ लाख डॉलर देऊन त्या मार्गिका विकत घेतल्या. पुढे सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिस येथे राखीव मार्गिकाच टोलच्या झाल्या. त्यांचे काही उत्पन्न बससेवेला मिळते, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना लॉस एंजेलिसमध्ये २५ डॉलरची सूट मिळते, हे नमूद केले पाहिजे. तरीही लोकांनी त्यांना ‘लेक्सस लेन’ हे नाव उगाच दिलेले नाही. गाडीत किती माणसे आहेत हे चालकाने टोलच्या यंत्रावरील लहानशा खटक्याने सांगावयाचे असते. सोबतीच्या मूळ कल्पनेचे एवढेच अवशेष उरले आहेत.

सोबत, खरेदी आणि पैसा ह्या तीन पायऱ्यांवरून एक सार्वजनिक हक्क खाली कसा उतरत गेला, ते आपण पाहिले. आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे विजेवरच्या मोटारींना व बसगाड्यांना टोलमाफी जाहीर केली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. बसचा समावेश केला, हे चांगले झाले. परंतु एकट्या माणसाला घेऊन जाणारी विजेची आलिशान मोटार ह्या सवलतीस पात्र ठरते, आणि चाळीस प्रवाशांची एस.टी. डिझेलवर चालते एवढ्याच कारणाने अपात्र ठरते. अटल सेतूवर दुचाकीला तर प्रवेशच नाही. मोटारीने जाण्यायेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी बसखेरीज दुसरी वाट तेथे नाही.

विजेच्या वाहनांना आमचा विरोध नाही, उलट ती लवकर यावीत. प्रश्न एवढाच की सवलतीचे माप काय असावे. आमच्या मते ते वाहून नेलेल्या माणसांची संख्या हे असले पाहिजे, यंत्राची जात त्यानंतर. म्हणून कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. सार्वजनिक बसला, ती कोणत्याही इंधनावर चालो, प्रथम टोलमाफी मिळावी. खासगी मोटारींना दिलेल्या प्रत्येक सवलतीला जाहीर मुदत असावी व ती संपताच हिशेब मांडला जावा. माफ केलेल्या टोलची भरपाई कंत्राटदाराला कोणाच्या खिशातून होते, ते विधिमंडळाला कळावे. आणि शेजारचा विनामूल्य रस्ता सुधारण्यास आडकाठी करणारे कलम कोणत्याही करारात नसावे. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात स्पर्धक रस्त्यांविषयीचे कलम आहे, ते कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे.

कॅलिफोर्नियातील स्टिकर संपले म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही. त्याने रिकामी झालेली जागा बसला मिळते की अधिक पैसे मोजणाऱ्याला, ह्यावर त्याचा अर्थ ठरेल. आपल्याकडे मात्र सवलत नुकतीच जन्माला आली आहे. तिला कायमच्या हक्काची मुळे फुटण्याआधीच ह्या मागण्या घेऊन तालुक्याच्या प्रत्येक एस.टी. स्थानकावर प्रवाशांच्या सभा घेणे, हे काम आज करण्याजोगे आहे.