आधी नवऱ्याचा रिपोर्ट

'दोष बाईचाच' असं आता सुशिक्षित घरात कुणी तोंडाने म्हणत नाही. फायली मात्र तेच म्हणतात. मूल होत नाही म्हणून दवाखाने पालथे घालणाऱ्या बाईची फाइल चाळून पाहा: सोनोग्राफी, थायरॉइड, एएमएच, गर्भनलिकांचा एक्स-रे, मध्येच कुठल्याशा अंगाऱ्याची पुडी. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद शोधूनही सापडत नाही. 'त्याला काय धाड भरलीय?' हा सासूबाईंचा युक्तिवाद. पण अंगापिंडाने धडधाकट असणं, संबंध सुरळीत असणं आणि शुक्रजंतू पुरेसे असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीला. त्याच्या तपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक नमुना लागतो. सुई नाही, भूल नाही. रिपोर्ट वाईट आला तरी लगेच हाय खाऊ नये, तपासणी पुन्हा करतात. मधल्या एखाद्या तापानेही आकडे काही आठवडे घसरतात. एवढं सोपं काम सोडून बाईच्या नळ्यांत औषध सोडून आधी एक्स-रे काढायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत, पुरुषी अहंकाराची सरबराई म्हणतात.

दुसरा पक्ष अधीर मंडळींचा: 'तपासण्यांत वेळ कशाला? थेट आयव्हीएफ करा.' 1986 साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, तेव्हापासून या तंत्राने असंख्य घरांत पाळणा हलवला. दोन्ही नळ्या बंद असतील (आपल्याकडे क्षयामुळेही होतात) तर त्याला तोड नाही. पण पीसीओएसमुळे बीजच सुटत नसेल, तर कित्येकींचं काम लेट्रोझोलच्या गोळ्यांवर भागतं. कारण न शोधता लाखांचं पॅकेज घेणं कशासाठी?

'होईल हो, टेन्शन घेऊ नका' हा सल्लाही तितकाच घातक. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टर गाठावा, आणि बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. वयाने उतरलेली स्त्रीबीजाची गुणवत्ता आयव्हीएफ परत आणत नाही.

आयव्हीएफ ठरलंच, तर 2021 च्या कायद्यानुसार सेंटरची नोंदणी आहे का, ते पाहा. भिंतीवरच्या 'सत्तर टक्के यश'ला भुलू नका. टेस्ट पॉझिटिव्ह किती आल्या हे नको. आमच्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरलेल्या बायकांपैकी किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या, ते विचारा. आणि हे विचारायला नवऱ्याने स्वतः जावं, रिपोर्ट हातात घेऊन.