नावड आणि त्याग

अष्टमी-चतुर्दशीला अनेक जैन घरांत हिरवी भाजी चिरली जात नाही. त्या दिवशी ताटात वरण, मेथीदाणा-पापडाची भाजी, हरभऱ्याची उसळ असे पदार्थ येतात. दहावीत शिकणाऱ्या एका मुलीला हे दिवस फार प्रिय. “रोजच अष्टमी असती तर किती बरे झाले असते!” असे ती म्हणे. इतर दिवशी दुधी, दोडका, पडवळ तिच्या ताटात तसेच पडून राहत. ती उपाशी नव्हती. पोळी-तूप, वरण-भात, फरसाण आणि चहा यांवर तिचे पोट भरत होते.

पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ ग्रॅम निघाले. तिच्या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोजच्या जेवणाची चौकशी केली. घरी येताच ती म्हणाली, “लोक चातुर्मासात पालेभाजी सोडतात, मी बारा महिने सगळ्याच सोडल्या. त्यात काय चुकले?”

आजी शांतपणे म्हणाली, “तू सोडल्या नाहीस, बाळ, टाकल्यास. आवडते ते समजून सोडणे हा त्याग. न आवडणारे टाकणे ही जिभेची सत्ता.”

तिथीचे स्वयंपाकघर रिकामे नसते, हे यात विसरले जाते. भाजी नसेल तेव्हा चवळी, मूग, हरभरा ही सालासकट कडधान्ये तंतू, फोलेट आणि लोह पुरवतात. इतर दिवशी पपई-आंब्यातून ‘अ’ जीवनसत्त्व, तर आवळा, मोसंबी व लिंबातून ‘क’ मिळते. धान्य-कडधान्यांतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते, तर जेवणाबरोबरचा चहा अडथळा आणतो. म्हणून वरणावर लिंबू पिळावे आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. तरीही ही भाज्यांना कायमची सुट्टी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळे-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सुचवते, आणि त्यात बटाट्यासारखी कंदमुळे धरतच नाही. म्हणजे या हिशेबात बटाटा वर्ज्य करणाऱ्याचे काहीच उणे होत नाही.

पुष्कळदा नावड भाजीची नसते, तिच्या रूपाची असते. गिळगिळीत दोडका नको वाटतो. त्याच्या शिरांची तीळ घातलेली खमंग चटणी चालते. दुधी किसून थालीपिठात, लाल भोपळा घारग्यांत, भेंडी कुरकुरीत परतून देता येते. मात्र लपवून खाऊ घालू नये. विश्वास गेला की घासही जातो. नवी चव एकदा चाखून रुळत नाही, त्यासाठी आठ-दहा वेळा तरी थोडी थोडी चाखावी लागते.

चैत्राच्या ओळीत त्या मुलीने एक आयंबिल केले होते. आजीने तेवढीच आठवण दिली : ज्या जिभेने दिवसभर तूप, तेल, दूध, गूळ यांवाचून अन्न स्वीकारले, तिला दोडक्याचे दोन घास जड का व्हावेत?

पडवळ तिला अजूनही आवडत नाही. पण दोन चमचे ती खाते, गोळ्याही नियमित घेते. मागच्या अष्टमीला ताटावर बसताच तिने विचारले, “आज शिरांची चटणी नाही ना?” आजी हसली. नातीची पहिली खरी अष्टमी त्या दिवशी झाली.