डीआर किती मिनिटे मागे आहे?

जिल्ह्यातील नागरी बँका आणि पतसंस्थांच्या संगणक विभागांतून एक तक्रार आता वारंवार ऐकू येते. तपासणीच्या तक्त्यात ‘डीआर साइट कार्यरत आहे काय?’ असा एक रकाना असतो. त्यापुढे ‘होय’ लिहायचे, रेप्लिकेशनच्या पडद्याचा रंगीत प्रिंट जोडायचा, शिक्का-सही करायची आणि फाइल पुढे सरकवायची. प्रिंटवर हिरवा दिवा दिसतो. पण त्या क्षणी डीआरवर शेवटची नोंद किती वाजेपर्यंतची होती, हे त्यावर कुठेच नसते. तपासणी अधिकारी ते विचारत नाहीत आणि विचारले नाही म्हणून आपणही सांगत नाही. आमचे म्हणणे असे की या प्रश्नाला ‘होय’ हे उत्तरच होऊ शकत नाही. उत्तर मिनिटांत हवे, आणि ती मिनिटे वर्षातल्या सर्वांत जड रात्रीची हवीत.

साधा हिशेब मांडून पाहू. समजा, मार्चअखेरच्या रात्री डे एंड आणि व्याज आकारणी दोन तास चालली आणि त्या काळात तासाला 6 जीबी आर्काइव्ह लॉग तयार झाला. तेवढा लॉग तयार होईल तसा पलीकडे पोचवायला 13 एमबीपीएसच्या वर वेग लागतो. लीज्ड लाइन 10 एमबीपीएसची असेल, तर तिने पूर्ण क्षमतेने काम केले तरी दोन तासांत 9 जीबीच जाईल. 3 जीबी अलीकडेच राहील आणि डीआर मुख्य यंत्रणेच्या अर्धा तास मागे पडेल. या सगळ्या वेळात लिंक चालू आहे, रेप्लिकेशन चालू आहे, दिवाही हिरवाच आहे. नेमक्या त्याच वेळी डेटा सेंटर बंद पडले, तर त्या अर्ध्या तासात एटीएममधून गेलेले आणि यूपीआयने वळते झालेले पैसे डीआरच्या दृष्टीने अजून ग्राहकाच्या खात्यातच असतात. ग्राहकाच्या मोबाइलवर खाते नावे पडल्याचा एसएमएस आहे, बँकेच्या पुस्तकात नोंद नाही. सकाळी शाखा उघडल्यावर हा घोळ काउंटरवर उभा राहतो, आणि तो निस्तरायला शाखाधिकाऱ्याकडे एक कागदही नसतो.

हिरवा दिवा बहुतेक ठिकाणी फक्त लिंक जिवंत असल्याचे सांगतो. डेटा पोचला का हा वेगळा प्रश्न, आणि पोचलेला डेटा तिथल्या डेटाबेसवर चढला का हा त्याहून वेगळा. ट्रान्सपोर्ट लॅग शून्य आणि अप्लाय लॅग तीन तास, ही अवस्था आपल्यापैकी अनेकांना परिचयाची आहे. मुख्य बाजूचा शेवटचा लॉग क्रमांक 48212, डीआरवर चढलेला 48171. मधल्या 41 फाइली डिस्कवर पडून आहेत आणि अप्लाय प्रक्रिया बंद पडल्याचा कोणाला पत्ता नाही. स्टोरेज पातळीवर रेप्लिकेशन करणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. तिथे जर्नल भरले की जोडी सस्पेंड होते, आणि पुन्हा जुळेपर्यंत डीआर आहे तिथेच थांबतो. यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत स्वस्तही आहे. मुख्य डेटाबेसच्या एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळेचा शिक्का नोंदवायचा, डीआरवर तो वाचायचा आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांचा मेळ ठेवून फरक साठवत राहायचा. हा फरक लिंक, स्टोरेज, डेटाबेस या सगळ्यांना ओलांडून आलेला असतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

‘आमच्याकडे सिंक्रोनस आहे, आम्हाला लॅगची चिंता नाही,’ असे म्हणणाऱ्यांनी 24 फेब्रुवारी 2021 चा दिवस आठवावा. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले, ते दुपारी 3.45 ला सुरू झाले. मुख्य केंद्र आणि जवळचे डीआर केंद्र यांना जोडणाऱ्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या लिंक डळमळल्या आणि त्या पाठोपाठ मुख्य केंद्रातले स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासे झाले. लिंक तुटण्याचे कारण रस्त्याकडेचे खोदकाम आणि बांधकाम असल्याचे बाजाराच्या खुलाशात आले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर अहिल्यानगरहून सुपे-शिरूरमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या आपल्या केबलींचे काय? दोन कंपन्यांची बिले येतात म्हणजे दोन वाटा आहेत, असे नव्हे. शेवटच्या टप्प्यात दोन्ही फायबर एकाच चरातून गेले असतील, तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. कंपनीकडून मार्गाचा नकाशा लेखी मागितल्याशिवाय हे कळत नाही.

आपल्यातलेच काही सभासद म्हणतात की सीबीएस भाड्याचे आहे, डीसी-डीआर पुरवठादाराचे आहे, मग आम्ही काय बघायचे? जुलै 2024 अखेर सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांना एनपीसीआयच्या यंत्रणेपासून तात्पुरते वेगळे करावे लागले. तो प्रश्न रेप्लिकेशनचा नव्हता. पण काउंटरवर उत्तर पुरवठादाराला द्यावे लागत नाही, बँकेला द्यावे लागते, हे त्या दिवसांत दिसले. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. लॅगचा रोजचा अहवाल करारात लिहून घेणे हा आपला हक्क आहे. दुसरा आक्षेप असा की बिघाड झाला की ई-मेल येतोच. गिटलॅब या कंपनीचा अनुभव याविरुद्ध आहे. जानेवारी 2017 मध्ये तिथे मागे पडलेले रेप्लिकेशन सावरताना मुख्य डेटाबेसच चुकून पुसला गेला. नेहमीचे बॅकअप त्याआधीपासूनच अयशस्वी होत होते आणि ते सांगणारे ई-मेल मेल सर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून ‘इशारा आला नाही’ याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा लावू नये. रोज ठरल्या वेळी ‘ठीक आहे’ असा संदेश यावा आणि तो आला नाही तर फोन लावावा.

राहता राहिले नियामक. शेअर बाजाराच्या त्या घटनेनंतर पुढच्याच महिन्यात सेबीने मिनिटे लिहून दिली: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, 45 मिनिटांत डीआरवर काम सुरू करा, डेटाचे अंतर 15 मिनिटांपेक्षा जास्त नको. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये व्यापारी बँका व मोठ्या वित्तसंस्थांसाठी दिलेल्या निर्देशांत महत्त्वाच्या यंत्रणांची डीआर ड्रिल किमान सहा महिन्यांतून एकदा मागितली आहे आणि अंतर शून्य नसेल तर नोंदी जुळवण्याची लेखी पद्धतही मागितली आहे. मग सहकारी संस्थांच्या तपासणीत अजून ‘होय/नाही’चा रकाना का चालावा? ठेवीदार शेतकरी आहे, दूध उत्पादक आहे, निवृत्त शिक्षक आहे, म्हणून त्याच्या नोंदीला मिनिटांचा हिशेब नको, असे कोणीही म्हणणार नाही. अधिकाऱ्यांनी तो रकाना बदलावा. मागील तिमाहीतील सर्वाधिक लॅग किती, तो कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कशामुळे, एवढे चार प्रश्न पुरेत.

त्यांनी बदलेपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. येत्या आठवड्यात तो मिनिटाचा शिक्का सुरू करा. एक महिन्याची आकडेवारी जमली की सर्वांत वाईट आकडा संचालक मंडळापुढे ठेवा, सरासरी ठेवू नका. सरासरीत मार्चअखेरची रात्र हरवते. पुढच्या ड्रिलमध्ये डीआर नुसता सुरू करून दाखवू नका, एक पूर्ण दिवस शाखांचे काम त्यावर चालवा. आणि एक ऑफलाइन बॅकअप वेगळा ठेवाच, कारण मुख्य बाजूला पुसलेली नोंद रेप्लिकेशन तितक्याच प्रामाणिकपणे डीआरवरही पुसते. तपासणीच्या फाइलला पुढच्या वेळी रंगीत प्रिंटऐवजी हा आकडा जोडा. तो वाईट असला तरी जोडा; वाईट आकडा कागदावर आला की मोठ्या लिंकचा खर्च मागायला आपल्या हातात आधार येतो.